मागच्या दारचा वर्ग

बाई,

तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक चांगलं बोलले. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग एकेक जण उठत गेला. आपले जुने केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी तुझ्या सगळ्या शाळांची नावं एका दमात म्हणून दाखवली. कुठं रुजू झालीस, कुठून निवृत्त झालीस, तालुक्याचा पुरस्कार कुणाच्या हस्ते घेतलास. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, साहेब, हे सगळं सेवापुस्तकात आहे, ह्यात आमची बाई कुठं आहे? मग मला उभं केलं. सगळी हयात पोरांपुढं बडबडण्यात गेलेला माणूस मी. माइक हातात घेतला, "बाई" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. शेजारी आपल्या वस्तीतला सोपाना होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, कळलं समद्यांना."

डोंबल कळलं. मलाच कळलं नव्हतं तर समद्यांना काय कळणार? मला जे कळलं ते त्यानंतरच्या रविवारी, चहाच्या वेळेला. तेव्हा मंडप निघाला होता, भाड्याच्या खुर्च्या गेल्या होत्या, लेक प्रज्ञा परत विमानात बसली होती. ऐकायला घरात म्हैस आणि कोंबड्या. म्हणून हे तुलाच सांगतो.

आधी तुझ्याशी भांडतो. त्याशिवाय मला सुरुवात करता येत नाही, तुला ठाऊक आहे.

धरणाच्या त्या अंगाला आपली ती दोन शिक्षकांची शाळा होती. तू बाई, मी सर. लग्न झालं तरी मी तुला बाईच म्हणत राहिलो आणि तू मला सर. प्रज्ञासुद्धा बोलायला लागली तेव्हा तुला आईच्या आधी बाई म्हणाली. लोक हसायचे, आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. त्या शाळेत आपलं पहिलं भांडण झालं ते तुझ्या शिकवण्यावरून, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझी पद्धतच उलटी. बोलायला घाबरणारं पोर असलं की जगातला कुठलाही मास्तर त्याला हुशार पोराशेजारी बसवतो. तू त्याला कच्च्या पोराशेजारी बसवायचीस. त्यातही निवडून असं पोर शोधायचीस, जे कच्चं आहे पण बडबडं आहे, ज्याला चुकायची लाज नाही. मी म्हणायचो, अगं, दोघंही बुडतील. तू म्हणायचीस, "सर, हुशाराशेजारी बसलं की ते तोंड मिटतं. कच्च्याशेजारी बसलं की त्याला वाटतं, हा एवढा चुकतोय आणि तरी बोलतोय, मग मलाच काय धाड भरलीय?" मी गणिताचा माणूस. मला हे पटलं नाही. पण तुझी पोरं बोलायची, हे मला दिसत होतं. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

आणि तुझं ते दुसरं खूळ, दाराचं. पोर रुसून वर्गाबाहेर गेलं की मी जाऊन त्याचा कान धरून आणायचो. तू जागची हलायची नाहीस. वर्गाचं दार उघडं ठेवायचीस आणि शिकवणं चालू. आवाज जरा मोठा करायचीस, एवढंच. म्हणायचीस, "ओढून आणलं तर त्याचे पाय आत येतात सर, तोंड येत नाही. दार उघडं दिसलं की येतंय ते आपल्या पायानं." पावसाळ्यात त्या उघड्या दारातून पाणी आत यायचं, पोरांची दप्तरं भिजायची, पण तू दार लावू द्यायची नाहीस. मी त्यावरूनही तुझ्याशी वाद घातलाय.

मग आपल्या बदल्या झाल्या. तू नेऱ्याकडं, मी इकडं धरणाकाठी. नवरा-बायकोला जवळजवळच्या शाळा देतात म्हणे. आपल्या अर्जाला दर वर्षी नुसतं बघू म्हणायचे. शनिवारची अर्धी शाळा सुटली की तू पौडवरून दोन गाड्या बदलून यायचीस आणि सोमवारी पहाटे परत जायचीस. आपल्या संसाराचा बराचसा भाग रविवारातच झाला. म्हणून मी म्हणायचो, एकदा दोघं निवृत्त झालो की सगळे वार आपले. वस्तीच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधलं, समोर ओटा, सरळ रेषेत मागचं दार, मागं जांभूळ. ओट्यावर बसलं की मागच्या दारातून जांभळाचं खोड दिसतं, तसं मुद्दाम करून घेतलं मी. गवंड्यानं नाक मुरडलं होतं, म्हणाला, "मास्तर, आरपार दारं कुणी करतंय व्हय?" मी म्हटलं, वारा येतो.

तू निवृत्त झालीस आणि प्रज्ञाचा फोन आला. हिंजवडीच्या कंपनीनं तिला पोर्तुगालला पाठवलेलं, तिथं तिला दिवस गेलेले. तू बॅग भरलीस. मी म्हटलं, जा, बाळंतपण करून ये. बाळंतपण झालं, बारसं झालं, लेकरू रांगायला लागलं, चालायला लागलं, आणि तू काही आली नाहीस. मधे एकदा आलीस ती पाहुण्यासारखी, मला लोणचं आणि पापड करून देऊन परत गेलीस.

कारण तिकडं तुझी शाळा भरली होती. ती कशी भरली हे तूच फोनवर मला रंगवून सांगायचीस. खालच्या मजल्यावरचं एक पोर जिन्यात बसून इंग्रजीच्या धड्यावर रडत होतं, तू त्याच्याशेजारी पायरीवर बसलीस. मग त्याच्या दोन बहिणी आल्या. मग त्यांची घरमालकीण फातिमा. मी विचारलं, मुसलमान का? तू म्हणालीस, नाही हो, चर्चला जाणारी आहे, तिकडं असंच नाव ठेवतात. तिला घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायची होती आणि पाहुणे यायचे इंग्रजी बोलणारे. आणि मग आंतोनियो. म्हातारा सुतार, बायको गेलेली, लेक कॅनडात. नात फोनवर इंग्रजीतच बोलायची आणि हा नुसता हसायचा, मग फोन पुन्हा लेक घ्यायची. प्रज्ञाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू ह्या सगळ्यांना शिकवायचीस. फी घेतली नाहीस. कुणी कोबीचा गड्डा आणायचं, कुणी लिंबं, कुणी अंडी. एकदा तू मला आनंदानं सांगितलंस की ती माणसं चावीला चावीच म्हणतात, बटाट्याला बटाटा आणि घमेल्याला जवळजवळ घमेलंच. म्हणालीस, "सर, अगदीच परकी नाहीत हो ही." मी म्हटलं, मग घमेलं घे डोक्यावर आणि रहा तिकडंच.

असा मी बोलायचो. तेव्हा हसायचीस तू.

मला राग येत होता, बाई, आणि तो मी लपवलाही नाही. आयुष्यभर सरकारनं आपल्याला लांब ठेवलं, त्याला मी सरकारला शिव्या दिल्या. आता तू आपण होऊन लांब राहिलीस, आता मी शिव्या कुणाला द्यायच्या? तू म्हणायचीस, तुम्हीच या की इकडं. तिकीट प्रज्ञा काढते म्हणाली. मी सांगितलं, भात आहे. खरंच आंबेमोहोर लावला होता. दुसऱ्या वेळी सांगितलं, गुडघा दुखतो. तिसऱ्या वेळी, म्हैस गाभण आहे. तू म्हणालीस, "सर, म्हैस सोपानरावांकडं बांधा." मी म्हटलं, माझी म्हैस लोकांच्या दावणीला?

मग तू ते रविवारचं काढलंस. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. फातिमा चर्चमधून आली की सगळे टेबलाभोवती जमायचे आणि तू व्हिडिओ कॉल लावायचीस. "सर, माझ्या लोकांशी जरा बोला." घरात रेंज टिकत नाही, म्हणून मी मागं जांभळाखालच्या दगडावर बसायचो. मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला गेलो की कर्ता एकीकडं आणि क्रियापद एकीकडं. तुला हे लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तरी मी बोललो. शाळेत शिकवलेला माणूस, गप्प बसता येत नाही. धरणात पाणी किती आहे ते सांगितलं. भाताचं रोप कसं उपटून लावतात ते हातवारे करून दाखवलं. म्हशीपुढं फोन धरला, तिनं तो चाटला, तिकडं पोरांनी टाळ्या वाजवल्या. आंतोनियोनं त्याचा रंधा दाखवला. मी सोपानाचा नांगर दाखवायला शेतात गेलो आणि वाटेत रेंज गेली.

आता सांगायला हरकत नाही. मी रविवारी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालायचो. सकाळीच मनात दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवायचो. सोपाना विचारायचा, "मास्तर, कुटं निगाला नटून?" मी म्हणायचो, कुठं नाही. तो सगळं बघायचा. एकदा जांभळाखाली येऊन माझ्या मागं उभा राहिला, सगळं ऐकलं आणि कॉल संपल्यावर म्हणाला, "मास्तर, रागावू नगा, पण ती गोरी मानसं तुमची लई मजा करत्यात." मी त्याला हाकलून दिलं. पण ते माझ्या मनात बसलं.

आणि नेमका पुढचाच रविवार. आंतोनियोनं मला विचारलं, बाई इथं आहेत, मग तुमच्याकडं स्वयंपाक कोण करतं? मला तो प्रश्न लागला. आदल्याच दिवशी भात करपला होता, सगळ्या घरात धूर झाला होता. मला वाटलं, बरं झालं विचारलंस, बाईच्या कानावर जाऊ दे. मी त्याला माझ्या इंग्रजीत सांगितलं, ते मराठीत असं होतं: मी भात करतो. म्हशीला देतो. म्हैस नाही म्हणते. मग मी खातो.

तक्रार होती ती, बाई. मी तुला सांगत होतो की माझे हाल बघ.

तिकडं ते सगळे हसले. फातिमा हसली, पोरं हसली, आंतोनियोनं टेबलावर हात आपटला. आणि तूही हसलीस. तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईतोवर हसलीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन बंद केला. तू परत केलास तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मला तुझ्या वर्गाचं माकड करू नकोस."

तू म्हणालीस, "बरं, सर."

बस. दोन शब्द. त्यानंतर तू मला त्या रविवारच्या वर्गाबद्दल काही विचारलं नाहीस आणि मीही काढलं नाही. आपण म्हशीबद्दल बोललो, नातीच्या दातांबद्दल बोललो, वस्तीतल्या लग्नांबद्दल बोललो. मी कानाला खडा लावला की पुन्हा इंग्रजीत तोंड उघडायचं नाही.

नात तिकडच्या शाळेत जायला लागली आणि तू परत आलीस. मला वाटलं, सुटलो. आता सगळे वार आपले. खरंच बरे दिवस होते ते. सकाळी तू भाकरी करायचीस, मी म्हशीचं बघायचो. शनिवार-रविवार रिसॉर्टच्या गाड्यांनी रस्ता भरला की आपण दोघं ओट्यावर बसून गाड्या बघायचो आणि कोण कसं चालवतं ह्यावर टीका करायचो. पण रविवारी चहाची वेळ झाली की तू फोन घेऊन उठायचीस आणि मागं जांभळाखाली जाऊन बसायचीस. तुझी माणसं तुला सोडायला तयार नव्हती. टेबल तिकडं, बाई इकडं, वर्ग चालूच. मी समोर ओट्यावर पेपर उघडून बसायचो. मला तुझा आवाज यायचा. आंतोनियोचाही यायचा. मी एकही ओळ वाचत नव्हतो.

आणि तू मागचं दार सताड उघडं ठेवायचीस.

एरवी तू घरात कोंबडी शिरली की झाडू घेऊन धावणारी बाई. मागच्या दाराची कडी नाही लावली म्हणून मला ओरडणारी. पण रविवारी त्या वेळेला दार उघडं. कोंबड्या सरळ स्वयंपाकघरातून माझ्या पायापर्यंत यायच्या. मला राग यायचा. मी उठायचो, कोंबड्या हाकलायचो आणि दार लावून घ्यायचो. चांगली कडी घालून. तू बाहेरून एकदाही काही म्हणाली नाहीस. पुढच्या रविवारी दार पुन्हा उघडं. मी पुन्हा लावायचो. मला वाटायचं, म्हातारपणी विसरायला लागली.

एकदा तू फोन घेऊन आत आलीस. दारात उभी राहिलीस, फोनचा पडदा आपल्या छातीशी धरून. माझ्याकडं बघत होतीस. मी पेपर वर घेतला. चहा हवा का, विचारलंस. मी म्हटलं, आत्ताच तर प्यालो. तू परत गेलीस. ह्याच पावसाळ्यातली गोष्ट.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी जेवून आडवी झालीस ती उठली नाहीस. मी हाक मारली, "बाई, चहा." त्याबद्दल मला आत्ता लिहिता येत नाही.

तर मंडप निघाल्यानंतरचा रविवार. तुझा फोन फडताळात चार्जिंगला लावलेला, तो वाजला. मी बघितलं तर आंतोनियो. उचलावा की नाही, हेच मला कळेना. तोवर रेंज जाईल म्हणून मी पळतच मागं गेलो, आपल्या दगडावर बसलो आणि उचलला. टेबलाभोवती सगळे होते. फातिमानं काळे कपडे घातले होते. पोरं मोठी झालीत गं, ओळखू येत नाहीत. मग म्हातारा बोलायला लागला. त्याचं इंग्रजी मराठीत सांगतो, मोडकं होतं तसं मोडकंच.

"सर, मी दुःख. बाई नाही, मी फार दुःख."

मी म्हटलं, मी पण. मला उठायचं होतं. पण तो थांबला नाही. चुकत चुकत, शब्द शोधत, फातिमाला विचारत त्यानं मला सांगितलं की त्याला बाईंसमोर बोलायची भीती वाटायची. पोरांसमोर तर त्याहून. पोरं भरभर बोलायची, म्हणून हा तोंड मिटून बसायचा. मग बाई एका रविवारी म्हणाल्या, आंतोनियो, आज तू माझ्या सरांशी बोल. सर चुकतात आणि थांबत नाहीत. तू चुकतोस आणि थांबतोस. माझे रविवार चालू झाले आणि महिन्याभरात ह्यानं कॅनडाला फोन लावला. नातीशी स्वतः बोलला. काय बोललास, मी विचारलं. म्हणाला, "तुमच्या म्हशीबद्दल."

बाई, तेव्हा मला कळलं. हुशाराशेजारी नाही. कच्च्याशेजारी. बडबड्या, चुकायची लाज नसलेल्या कच्च्या पोराशेजारी. आयुष्यभर ज्या पद्धतीवरून मी तुझ्याशी भांडलो, त्या पद्धतीत तू मला नेऊन बसवलं होतंस आणि मला पत्ता नव्हता.

मग मी ते विचारलं. जे तुला विचारायला हवं होतं ते एका पोर्तुगीज सुताराला विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला हसलात. का हसलात? त्याला आधी कळेना. फातिमाला कळलं. ती म्हणाली, म्हशीनं भात नाही खाल्ला तो दिवस? ते सगळे परत हसले, मग माझ्याकडं बघायला लागले. फातिमानं सावकाश सांगितलं. त्याआधी सरांचा विनोद बाई त्यांना पुन्हा सोपा करून सांगायच्या, मग ते हसायचे. त्या दिवशी बाईंनी काहीच सांगितलं नाही. इंग्रजीतलं ऐकून ते पहिल्यांदा आपले आपण हसले. म्हणून बाई हसल्या. मग बाई रडल्या. म्हणाल्या, आता तुम्हाला भाषा आली.

"मग सर आला नाही," आंतोनियो म्हणाला. "आम्ही दर रविवारी विचारतो, सर कुठे? बाई म्हणते, दार उघडं आहे. सर येईल."

त्याला वाटलं असेल, भारतात असं बोलायची रीत आहे. मी मागं वळून बघितलं. बोलताना कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून मी दार ओढून घेतलं होतं.

आता भांडतो. का नाही सांगितलंस मला? वर्षभर आपण एका घरात होतो. एका ताटलीतले पोहे खाल्ले आपण. एक वाक्य होतं, सर, ते तुम्हाला नाही हसले, त्यांना तुमचं कळलं म्हणून हसले. सांगितलं असतंस तर मी पहिल्यांदा चिडलो असतो, मग नाही म्हणालो असतो, मग सदरा शोधला असता. तुला माहीत होतं हे. पण तुझा तो नियम, ओढून आणायचं नाही. अगं, मी काय तिसरीतलं पोर होतो? होतो म्हणा. पण तिसरीतल्या पोराला संध्याकाळपर्यंतच वाट बघायची असते. आपल्याकडं तेवढा वेळ नव्हता, हे तुला कळायला हवं होतं. तू हुशार होतीस आपल्या दोघांत. मला तुझा फार राग येतो, बाई. रागापेक्षा तुझी आठवण जास्त येते, पण राग येतो.

आणि माझंही एक राहिलंय सांगायचं. मी पोर्तुगालला आलो नाही, त्याचं कारण भात नव्हतं, गुडघा नव्हता, म्हैस तर नव्हतीच. मला भीती वाटत होती. विमानतळावर कुणी इंग्रजीत काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर? तुझ्या त्या टेबलापाशी सगळे बाई बाई करताहेत आणि मी कोपऱ्यात बसलोय, असं मला दिसायचं. गावात मी सर आहे. तिथं मी कोण? हे मी तुला सांगितलं असतं तर तू हसली नसतीस, हेही मला माहीत होतं. तुझ्यासमोर आयुष्यभर कितीतरी भित्री पोरं बसली, त्यातल्या एकालाही तू हसली नाहीस. तरी मला ते जमलं नाही. तुझ्या वर्गात मी कच्चा होतो आणि भित्राही होतो, आणि तू मला त्यातलं कच्चेपणच कामाला लावलंस, भित्रेपण कुणाला दिसू दिलं नाहीस. ह्याबद्दल आभार मानायचे राहिले. माणूस समोर असताना असलं काही सुचत नाही मला.

सोपानाला मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "मास्तर, म्या तसं बोलाया नगं व्हतं." मी म्हटलं, तुझं काही नाही रे. त्याचं खरंच काही नाही. मला ऐकायचं होतं तेच तो बोलला.

आज रविवार. जेवण झाल्यावर मी फडताळातून सदरा काढला. इस्त्री मला नीट जमत नाही, कॉलरीला सुरकुती राहिली. मागं गेलो, दगडावर बसलो आणि ह्या खेपेला मीच फोन लावला. सगळे होते. आंतोनियोनं विचारलं तब्येत कशी, मी सांगितलं. त्यानं पाऊस विचारला, तोही सांगितला. मग तो म्हणाला, "सर, आता स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हटलं, मी भात करतो. म्हशीला देतो. म्हैस नाही म्हणते. मग मी खातो.

कुणी हसलं नाही, बाई. मी थांबलो होतो हसतील म्हणून. फातिमानं डोळे पुसले. मग आंतोनियोनं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, भातात पाणी किती घालता? त्यालाही करून घ्यावा लागतो, त्याचाही करपतो. मी सांगायला लागलो. तो चुकीचं समजला, मी पुन्हा सांगितलं, मी चुकीचं सांगितलं, फातिमानं दुरुस्त केलं. बराच वेळ चाललं ते.

दार उघडंच होतं. मागं बघितलं तर दोन कोंबड्या चुलीपाशी पोचल्या होत्या. मी उठलो नाही.